तासिका कुणाची?

दिल्लीच्या दक्षिण टोकाला बदरपूर आहे. तिथून पुढे फरिदाबाद, म्हणजे हरियाणा. बाजूला कालिंदी कुंजवरून यमुना ओलांडली की नोएडा, म्हणजे उत्तर प्रदेश. एवढ्याशा पट्ट्यात तिसरीत शिकणारं मूल तीन वेगवेगळ्या सरकारी शाळांपैकी कुठल्याही एकीत असू शकतं. दिल्लीत ते बहुधा महापालिकेच्या शाळेत असतं आणि पाचवी झाली की राज्य सरकारच्या शिक्षण संचालनालयाच्या शाळेत जातं. फरिदाबादला त्याला जेबीटी शिक्षक शिकवतात. नोएडात बेसिक शिक्षा परिषदेचा सहायक अध्यापक असतो आणि त्याच्या जोडीला मानधनावरचा शिक्षामित्र. मुलांची बोली तीच, आईवडिलांची कामंही तीच: बांधकाम, कारखाना, घरकाम. भाड्याची खोली सीमेच्या अलीकडची सोडून पलीकडची घेतली, की मुलाचं पाठ्यपुस्तक, सुट्ट्या, परीक्षा आणि साहेब, सगळंच बदलतं. 1985 च्या कायद्याने राष्ट्रीय राजधानी क्षेत्र नावाची एक वस्तू तयार केली. तिने नकाशावर जमिनी जोडल्या. शाळा ज्याच्या त्याच्याकडेच राहिल्या.

सरकारी कार्यक्रमांचं मूल्यमापन करणाऱ्या माणसांसाठी हा पट्टा पर्वणी आहे आणि डोकेदुखीही. पर्वणी अशासाठी, की एकच योजना तीन व्यवस्थांत कशी वागते हे इथे बसने फिरून पाहता येतं. डोकेदुखी अशासाठी, की वरून येणारा प्रश्न एकवचनी असतो: कार्यक्रम चालला का? उत्तरही एकवचनी हवं असतं, शक्यतो एका आकड्यात, शक्यतो बजेटच्या आत. मग दोन-चार जिल्हे आणि चारपाचशे शाळा यांचे गुण एकत्र करून सरासरी काढली जाते. ज्या शाळा या सरासरीपासून फार लांब पडतात, त्यांना ‘अंमलबजावणीतील त्रुटी’ असं नाव असलेल्या एका परिशिष्टात जागा मिळते. या कामात बराच काळ घालवल्यावर माझं मत असं झालं आहे, की अहवालातला खरा ऐवज त्या परिशिष्टात असतो आणि तोच कुणी वाचत नाही. धोरण आणि व्यवहार यांची गाठ पडते ती जागा फार लहान असते. शाळेच्या बाबतीत ती एका तासिकेएवढी असते. ती तासिका कुणाच्या ताब्यात होती, प्रत्यक्षात कुणी घेतली आणि घेणाऱ्याच्या पाठीशी कोण होतं, हे विचारलं नाही तर अनेक ठिकाणच्या मूल्यमापनातून हाती फक्त बेरीज लागते.

याला पुरावा आहे आणि त्याची सुरुवात आपल्या मुंबईत आहे. ‘प्रथम’ ही संस्था 1990 च्या दशकाच्या मध्यात माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी मुंबईत उभी केली. मूल कुठल्या इयत्तेत आहे हे बाजूला ठेवायचं, त्याला नेमकं काय वाचता येतं हे दोन मिनिटांत तपासायचं आणि जिथे ते अडलं आहे तिथून शिकवायचं, ही तिच्या कामातली मूळ कल्पना. 2001 पासून मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत ‘बालसखी’ नावाच्या कार्यक्रमाचं मूल्यमापन झालं. वस्तीतल्याच, शाळा पूर्ण केलेल्या मुली तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना वर्गाबाहेर नेऊन रोज दोन तास शिकवत. कुठल्या शाळेला बालसखी मिळणार हे चिठ्ठ्या टाकावं तसं ठरवलं होतं, त्यामुळे तुलना स्वच्छ होती. पहिल्या वर्षी गुणांत प्रमाण विचलनाच्या 0.14 एवढी वाढ दिसली, दुसऱ्या वर्षी 0.28. हा अभ्यास करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना पुढे 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पण माझ्या विषयाच्या दृष्टीने नोबेलपेक्षा नंतरची दहा वर्षं महत्त्वाची आहेत. हीच कल्पना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेली, तेव्हा ती ठिकठिकाणी वेगळी वागली. बरं, एवढ्या चिकाटीने त्या वेगळेपणाच्या मागे लागलेली माणसं आपल्याकडे फार नाहीत.

पहिला धक्का उत्तर प्रदेशातल्या जौनपूरला बसला. तिथे 2005-06 मध्ये गावातल्या स्वयंसेवकांनी शाळेबाहेर वाचनवर्ग चालवले. जी मुलं आली त्यांची प्रगती चांगली झाली. पण आली किती? गावातल्या मुलांपैकी 8 टक्के. ज्यांना काहीच वाचता येत नव्हतं त्यांच्यातली 13 टक्के. पद्धत उत्तम आणि वर्ग रिकामा, असा हा निकाल. शाळेच्या बाहेर राहून सगळ्या मुलांपर्यंत पोचता येत नाही, सरकारी शिक्षकाला आणि सरकारी वेळेला हात घालावाच लागतो, हा धडा त्यातून मिळाला.

तो हात बिहार आणि उत्तराखंडात घातला गेला, 2008 ते 2010 या काळात. मला या सगळ्या मालिकेत हा भाग सर्वांत बोलका वाटतो. बिहारमध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभराचं शिबिर झालं. शिकवणारे होते सरकारी शाळेतलेच शिक्षक. मुलं वाचायला शिकली. म्हणजे ‘सरकारी शिक्षकाला जमत नाही’ हे दिल्लीच्या दिवाणखान्यांतलं लाडकं उत्तर तिथल्या तिथे खोटं ठरलं. जून संपला, शाळा सुरू झाली. त्याच पद्धतीचं प्रशिक्षण आणि साहित्य शिक्षकांना दिलं, आणि परिणाम नाहीसा झाला. पद्धत तीच, हातही सरकारी शिक्षकाचेच. फरक फक्त कॅलेंडरवरच्या पानाचा. दुसरी गोष्ट स्वयंसेवकांची. दोन्ही राज्यांत प्रशिक्षण आणि साहित्याच्या जोडीला गावचे स्वयंसेवकही दिले होते. बिहारमध्ये ते शाळा सुटल्यावर वेगळा वर्ग घेत, आणि तिथे फायदा दिसला. उत्तराखंडात ते शाळेतच बसू लागले. शिक्षक कमी असले की रिकामा वर्ग सांभाळायला त्यांना पाठवलं जाई, हळूहळू ते शाळेचे मदतनीस झाले, आणि गुण जागचे हलले नाहीत. नावाने दोन्हीकडे एकच कार्यक्रम होता. दोन्ही राज्यांची सरासरी काढली असती तर ‘स्वयंसेवकांमुळे किंचित सुधारणा’ असं एक गुळमुळीत वाक्य हाती आलं असतं. ते बिहारलाही लागू पडलं नसतं आणि उत्तराखंडलाही.

शाळा सुरू झाल्यावर काय बदलतं, याचं उत्तर शिक्षकाच्या आळसात शोधायची आपल्याला घाई असते. मी ते कायद्यात शोधेन. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं 24 वं कलम शिक्षकाची कर्तव्यं सांगतं. ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करणं हे त्यातलं एक. पाचवीच्या वर्गात निम्म्या मुलांना दुसरीचं पुस्तक वाचता येत नसलं तरी पाचवीचा धडा वेळेत संपवणं हे शिक्षकाचं कायदेशीर काम आहे. कायद्याच्या आधीही व्यवस्थेची रीत हीच होती; कायद्याने तिच्यावर शिक्का मारला. साहेब शाळेवर आले की विचारतात, धडा कितवा चालू आहे? धडा मुलापर्यंत पोचला का, हे विचारायची सोयच त्यांच्या तपासणी फॉर्मात नसते. त्यात हरियाणा आणि दिल्लीच्या शाळांत जिला ‘डाक’ म्हणतात ती आहे. डाक म्हणजे वरून मागवलेली माहिती: आधार किती जोडले, गणवेश किती वाटले, जंताच्या गोळ्या किती दिल्या. यामिनी अय्यर आणि श्रयणा भट्टाचार्य यांनी ब्लॉक पातळीवरच्या शिक्षण अधिकाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना आढळलं की ही माणसं स्वतःकडे पोस्ट ऑफिससारखं पाहतात. वरचा कागद खाली द्यायचा, खालचा वर. अशा व्यवस्थेत नवी अध्यापन पद्धत आली की तीही एक कागद होते. शिक्षक ती नाकारत नाही. तो ती ‘प्राप्त’ म्हणून नोंदवतो.

आता हरियाणा. 2012-13 मध्ये महेंद्रगढ आणि कुरुक्षेत्र या दोन जिल्ह्यांतल्या 400 प्राथमिक शाळांत हा प्रयोग झाला. (महेंद्रगढ 2013 मध्ये राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात आला, तेव्हा हे उदाहरण अर्धं तरी सीमेच्या आतलं म्हणायला हरकत नाही.) बिहारचा धडा घेऊन इथे दोनच गोष्टी बदलल्या. एक, शाळेच्या वेळापत्रकात रोज एक स्वतंत्र तास राखून ठेवला. त्या तासात इयत्ता विसरायची, तिसरी ते पाचवीची मुलं पातळीनुसार बसवायची आणि अभ्यासक्रम मागे पडल्याचा दोष शिक्षकावर येऊ द्यायचा नाही. दोन, शाळाभेटी करणाऱ्या एबीआरसींना, म्हणजे आपल्याकडच्या केंद्रप्रमुखांशी साधारण नातं सांगणाऱ्या माणसांना, आधी स्वतः काही आठवडे शाळेत ही पद्धत शिकवून पाहायला लावली. त्यानंतरच त्यांनी इतरांना मार्गदर्शन करायचं. निकाल: हिंदी वाचनात प्रमाण विचलनाच्या 0.15 एवढी वाढ. गणितात काही नाही. मुळात भर हिंदीवर होता. 0.15 हा आकडा पाहून कुणी पेढे वाटणार नाही. पण हे काम कायम नोकरीतल्या सरकारी शिक्षकांनी सरकारी तासात केलेलं होतं. अवचित भेट देणाऱ्यांना राखीव तासात मुलं गटांत बसलेली दिसत आणि इतर तासांत जवळजवळ कुठेच दिसत नसत. एकाच शिक्षकाचं वागणं एकाच दिवसात दोन तऱ्हेचं, आणि मधला फरक एका ओळीच्या आदेशाचा: हा तास तुझा आहे, यात अभ्यासक्रम विचारणार नाही.

याच हरियाणात, याच काळात, एका दुसऱ्या धोरणाचीही परीक्षा झाली आणि ती मराठी शिक्षकांना फार ओळखीची वाटेल. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे सीसीई. शिक्षण हक्क कायद्यानेच ते बंधनकारक केलं होतं. वर्षअखेरच्या एका परीक्षेऐवजी मुलाच्या प्रगतीची वर्षभर नोंद ठेवायची आणि त्यानुसार शिकवणं बदलायचं. कल्पनेत चूक काढायला जागा नाही. प्राथमिक आणि उच्च प्राथमिक मिळून 500 शाळांत ती तपासली. मुलांच्या शिकण्यात लक्षणीय फरक पडला नाही. महाराष्ट्राने 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने हीच पद्धत आणली. तिचं काय झालं ते प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे: आकारिक, संकलित, आणि वर्णनात्मक नोंदी. त्या नोंदींची तयार वाक्यं पुरवणारी पुस्तकं बाजारात आली, पुढे पीडीएफ फिरू लागल्या. ‘परिसरातील घटनांविषयी कुतूहल दाखवतो’ छापाचं वाक्य हव्या त्या विद्यार्थ्यापुढे उतरवता येऊ लागलं. यात शिक्षकाला हसण्यात अर्थ नाही. साठ मुलांचं निरीक्षण करायला धोरणाने त्याला वेळ दिला नव्हता, वही मात्र दिली होती. तपासणीला वही मागितली जाई आणि ती भरलेली असे. मापण्याच्या धोरणाचं मोजमाप घेतलं तेव्हा ते नापास झालं, आणि नापास व्हायचं कारणही त्याच्याच तासिकेत होतं. ती त्याने कुणाकडूनच मागून घेतली नव्हती.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. ठिकाणाठिकाणांतला फरक इतका मनावर घेतला तर प्रत्येकाला पळवाट मिळेल. ‘आमच्याकडची परिस्थिती वेगळी आहे’ हे वाक्य भारतातल्या प्रत्येक ब्लॉकमध्ये ऐकायला मिळतं आणि बरेचदा त्याचा अर्थ ‘आम्ही केलं नाही’ एवढाच असतो. मान्य. म्हणूनच जुळवून घेणं आणि टाळणं यांत फरक करायची कसोटी मूल्यमापनाकडे हवी, आणि ती कसोटी निकालाच्या रकान्यात सापडत नाही. बिहारच्या स्वयंसेवकाने वर्ग शाळेबाहेर नेला. हा मूळ आराखड्याशी खेळ म्हणता येईल, पण पातळीनुसार शिकवणं त्यात शाबूत राहिलं. उत्तराखंडच्या स्वयंसेवकाने शाळेत बसून आराखडा अक्षरशः पाळला असं दाखवता येईल, पण गाभा हरवला. आराखड्याशी इमान हा निकष लावला तर उत्तराखंडला जास्त गुण मिळतील. कार्यक्रमाचा गाभा कोणता आणि टरफल कोणतं, हे आधी लिहून ठेवलं तरच ठिकाणचा बदल शहाणपणाचा की लबाडीचा ते सांगता येतं. आपल्या बहुतेक योजनांच्या मार्गदर्शक सूचनांत सगळंच गाभा असतं: फलकाच्या आकारापासून फोटो अपलोड करायच्या तारखेपर्यंत. महाराष्ट्रात जून 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ निर्णयानंतर साताऱ्याच्या कुमठे बीटचं काम पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. परतल्यावर पुष्कळ शाळांच्या फरश्यांवर अक्षरं आणि आकडे रंगवले गेले. रंग सहज पोचला. त्या रंगावर मुलाला बसवून त्याच्याशी बोलण्याची रीत पोचली का, हे फरशीकडे पाहून कळत नव्हतं.

दिल्लीचं उदाहरण जरा गुंतागुंतीचं आहे. 2016 मध्ये तिथल्या सरकारने सहावीच्या मुलांची वाचनचाचणी घेतली, तेव्हा 74 टक्के मुलांना स्वतःच्या हिंदी पाठ्यपुस्तकातला परिच्छेद वाचता आला नाही. सरकारने हा आकडा लपवला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. ‘चुनौती 2018’ या नावाने वरच्या वर्गांतली मुलं पातळीनुसार वेगळी बसवली गेली. पातळी शिकण्यापुरती होती की तुकडीची पाटी झाली, यावर बरीच टीका झाली. हरियाणातली मुलं एका तासापुरती गटात बसत आणि पुन्हा आपल्या वर्गात जात. इथे ‘प्रतिभा’ आणि ‘निष्ठा’ अशा नावांचे गट दिवसभराचे झाले. कल्पना एकच. तासाची झाली तिथे औषध, तुकडीची झाली तिथे शिक्का, निदान तसा धोका. आणखी एक गाठ होती. सहावीत आलेल्या मुलाची पहिली पाच वर्षं बहुधा महापालिकेकडे गेलेली. 2012 ते 2022 या काळात दिल्लीत महापालिका तीन होत्या आणि तिथली सत्ता राज्य सरकारपेक्षा वेगळ्या पक्षाकडे होती. म्हणजे सहावीतली चाचणी एका व्यवस्थेच्या शाळेत घेतली जात होती आणि निकाल दुसऱ्या व्यवस्थेच्या कामाचा लागत होता. 2018 च्या ‘मिशन बुनियाद’मध्ये महापालिकांच्या तिसरी ते पाचवीच्या वर्गांनाही सामावून घेतलं, हा मला त्या धोरणातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. आधीच्या दोन वर्षांत 200 मेंटर शिक्षक नेमले होते. त्यांची निवड शिक्षकांतूनच होती. त्यामुळे पोस्टमन नसलेला, वर्गात बसून बोलणारा एक माणूस व्यवस्थेत आला. यामिनी अय्यर यांनी दिल्लीच्या सरकारी शाळांत तीन वर्षं काढून केलेला अभ्यास वाचला की दिसतं, शिक्षकांचा सुरुवातीचा विरोध कुठल्या परिपत्रकाने मावळला नाही. मावळला तिथे तो वर्गात काही घडताना दिसल्यावर मावळला.

दुसरा आक्षेप अधिकाऱ्यांचा असतो आणि तो व्यवहारी आहे. मंत्र्याकडे पाच मिनिटं असतात, जिल्हे वीस-बावीस असतात, प्रत्येक शाळेची कहाणी ऐकायला कुणाला वेळ आहे? एक आकडा द्या. हरियाणाने 2017 मध्ये ‘सक्षम’ मोहीम अशीच आखली. ब्लॉकने स्वतःहून नाव द्यायचं, बाहेरच्या संस्थेने चाचणी घ्यायची, 80 टक्के मुलं इयत्तेच्या पातळीवर आढळली तर ब्लॉक सक्षम घोषित व्हायचा. याचा एक फायदा मी नाकारणार नाही: जिल्हाधिकारी मुलांच्या वाचनाबद्दल बोलू लागले, आणि ते यापूर्वी क्वचितच घडलं होतं. पण ज्या आकड्यावर सत्कार अवलंबून असतो तो आकडा फार काळ प्रामाणिक राहत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी हा नियम अर्धशतकापूर्वी मांडला. मध्य प्रदेशात अभिजित सिंह यांनी सरकारी चाचणीतल्याच मुलांची स्वतंत्रपणे पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा सरकारी निकाल बराच फुगलेला निघाला. त्याच राज्यातल्या शाळा व्यवस्थापन सुधारणेच्या एका योजनेवर कार्तिक मुरलीधरन आणि सिंह यांचा अभ्यास आहे. शाळांनी स्वतःचं मूल्यांकन केलं, सुधारणा आराखडे लिहिले, सगळं वेळेवर. वर्गात काही बदललं नाही, गुण वाढले नाहीत. तरी योजना यशस्वी मानली गेली आणि तिचं रूप देशभरातल्या 6 लाखांहून अधिक शाळांत गेलं. आकडा हवा या मागणीला माझा विरोध नाही. सुधारण्यासाठीचा आकडा आणि गौरवासाठीचा आकडा एकाच चाचणीतून काढू नये, एवढंच म्हणणं आहे.

तिसरा आक्षेप अभ्यासकांचा, आणि तो सर्वांत टोकदार. सगळंच जागेवर अवलंबून असेल तर एका ठिकाणच्या अभ्यासातून दुसऱ्या ठिकाणी नेण्यासारखं काय उरतं? ठिकाण सोडा, तारीखही पुरते. दिल्लीतली सम-विषम गाड्यांची योजना जानेवारी 2016 मध्ये राबवली तेव्हा दिवसाच्या वेळी सूक्ष्म धूलिकण 10 ते 13 टक्क्यांनी कमी झाले, असं शिकागो विद्यापीठाशी जोडलेल्या अभ्यासकांना आढळलं. तीच योजना एप्रिलमध्ये, त्याच शहरात, त्याच नियमांनी राबवली आणि फरक दिसला नाही. हिवाळ्यात थंड हवा धूर जमिनीलगत दाबून धरते, एप्रिलमध्ये तो वर मिसळतो. मग योजना चालली की नाही? हा प्रश्नच अपुरा आहे, हे त्याचं उत्तर. कार्यक्रमाचं नाव एका ठिकाणाहून दुसरीकडे नेता येत नाही. तो ज्यावर उभा होता ती अट नेता येते. सम-विषममध्ये अट हवेची होती. वाचनाच्या कार्यक्रमांत ती राखीव वेळेची आणि पाठीशी असलेल्या माणसाची होती. मुंबई, जौनपूर, बिहार, उत्तराखंड, हरियाणा ही माळ या एका दोऱ्यात ओवता येते. पुढे 2013-14 मध्ये उन्नाव आणि सीतापूरला ‘प्रथम’च्या लोकांनी शाळेच्या वेळेतच दहा-वीस दिवसांची शिबिरं घेतली आणि वाढ 0.6 ते 0.7 पर्यंत गेली. तीही त्याच दोऱ्यात बसते: शाळेने आपला वेळ त्यांच्या हाती दिला होता. मग सगळं काम संस्थेकडेच का देऊ नये, असं कुणी विचारील. त्याला माझं उत्तर असं, की संस्था शिबिरं संपली की जाते आणि शिक्षक निवृत्तीपर्यंत राहतो. हरियाणाचे 0.15 लहान आहेत, पण ते सरकारी पगारावरचे आहेत.

हे सगळं नव्याने शोधायची गरज नव्हती, हे मात्र खुपतं. ऑक्टोबर 1952 मध्ये 55 सामूहिक विकास प्रकल्प सुरू झाले आणि त्याच महिन्यात नियोजन आयोगात त्यांचं मूल्यमापन करणारी वेगळी संघटना निघाली, प्रोग्रॅम इव्हॅल्युएशन ऑर्गनायझेशन. तिचे पहिले संचालक पुण्याचे प्रा. द. गो. कर्वे, बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य. कार्यक्रम राबवणाऱ्या खात्यापासून स्वतंत्र, कार्यक्रमाबरोबर पहिल्या दिवसापासून चालणारी आणि प्रकल्पाच्या भागातच मुक्कामाला मूल्यमापन अधिकारी असलेली ही रचना होती. विहिरी आणि रस्त्यांचे आकडे पुरे होत असताना लोकांचा सहभाग कमी पडतोय, हे तिचे अहवाल वर्षानुवर्षं सांगत राहिले. 1957 च्या बलवंतराय मेहता समितीला त्यांचा आधार होता. आज तिची वारस असलेल्या संस्थेने, 2015 मध्ये नीती आयोगात स्थापन झालेल्या विकास देखरेख आणि मूल्यमापन कार्यालयाने, एका फेरीत केंद्रपुरस्कृत 28 छत्री योजनांखालच्या 125 योजना तपासल्या. काम अवाढव्य आहे आणि ते करणाऱ्यांच्या कष्टांबद्दल शंका नाही. पण 125 योजनांची एक फेरी आणि प्रकल्पांच्या ठिकाणी वर्षानुवर्षांचा मुक्काम या दोन पद्धतींत तासिका कुणाला दिसेल, हे उघड आहे.

तेव्हा विनंती फॉर्म तयार करणाऱ्यांना आहे, मग ते दिल्लीच्या मंत्रालयात असोत, चंदीगडच्या सचिवालयात असोत की आपल्याकडच्या जिल्हा परिषदेत. नवा कार्यक्रम पाठवताना त्यातल्या कुठल्या दोन गोष्टी बदलायच्या नाहीत आणि बाकी काय खुशाल बदला, हे पहिल्या पानावर लिहा. शाळाभेटीच्या फॉर्मातले भरून-द्या-छापाचे दहा रकाने काढून टाका. त्यांच्या जागी तीन प्रश्न छापा: आज हा तास कुणी घेतला? त्यासाठी कुठला तास सोडला? गेल्या महिन्यात या वर्गात बसून शिक्षकाशी कोण बोललं? तिसऱ्या प्रश्नाला ‘कोणी नाही’ असं उत्तर आलं तर तो शेरा शिक्षकाच्या नावावर लिहू नका.